पाण्याचा व्यवसाय उभा करताना: भिश्तीच्या मशकीपासून गिरगाव-परळच्या टँकरपर्यंत

१० एप्रिल २०२५ रोजी मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप पुकारला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या अटींनुसार परवानगी घ्या, नाहीतर विहिरीतून पाणी उपसू नका, अशा नोटिसा पालिकेने विहीर आणि बोअरवेल मालकांना दिल्या होत्या. त्या अटी मुंबईत पाळणं शक्य नाही, असं टँकरवाल्यांचं म्हणणं होतं. सोसायट्या, हॉटेलं, बांधकामं अडली. शेवटी पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा आधार घेतला, नोटिसांना १५ जूनपर्यंत स्थगिती मिळाली आणि संप मागे घेतला गेला.

संप चार-पाच दिवसांत संपला, प्रश्न मात्र तसाच राहिला. बापजाद्यांपासून चालत आलेला धंदा एका कागदावर अडू शकतो, हे या संपाने दाखवलं. टँकर चालवणारे, विहीर सांभाळणारे, जार पोहोचवणारे, टाक्या धुणारे, नळ दुरुस्त करणारे अशा कामांत आपल्या समाजातले बरेच लोक आहेत. नवीन तरुणही या व्यवसायात उतरू पाहतात. म्हणून दक्षिण आणि मध्य मुंबईत पाण्याचा व्यवसाय कसा उभा राहिला, कोणी टिकवला आणि आज तो सुरू करायचा किंवा सुधारायचा तर काय काय लागतं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

भिश्ती आणि पखाली

'भिश्ती' हा शब्द फारसी 'बिहिश्त' म्हणजे जन्नत या शब्दावरून आला. तहानलेल्याला पाणी पाजणं हे सवाबाचं काम, म्हणून पाणी वाहणाऱ्याला हे नाव. बकऱ्याच्या कातड्याची मशक पाठीवर घेऊन विहिरीवरून घरोघर पाणी देणारा तो भिश्ती. मोठी पखाल बैलावर लादून नेणारा तो पखाली. दोन्ही कामं प्रामुख्याने मुसलमानांच्या हातात होती. डोंगरी, भेंडी बाजार, नळ बाजार या भागात मशक घेऊन फिरणारे मोजके भिश्ती अगदी अलीकडेपर्यंत दिसत होते.

जुन्या मुंबईत पाणी होतं ते विहिरी आणि तलावांचं. धोबी तलाव, दो टाकी, सी. पी. टँक (म्हणजे कावसजी पटेल तलाव) ही नावं आजही बसच्या पाटीवर वाचायला मिळतात. पाणी मात्र कधीच गेलं. गिरगावच्या वाड्यांमध्ये आणि खेतवाडीच्या गल्ल्यांमध्ये घरोघरी विहिरी होत्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीचं बांधकाम १८०२ साली पूर्ण झालं. ती एका जुन्या तलावावर उभी आहे आणि तिच्या हौजातलं पाणी जमिनीतल्या झऱ्यांचं आहे.

भिश्ती विकायचा काय? पाणी तर विहिरीचं होतं. तो विकायचा ती मेहनत आणि भरवसा. पाणी कुठल्या विहिरीचं, मशक स्वच्छ आहे का, रोज वेळेवर येतो का, घरात बायाबापड्या एकट्या असताना माणूस कसा वागतो, यावर त्याची गिऱ्हाइकी टिकायची. दीडशे वर्षांत साधनं बदलली, पण या धंद्याचा पाया हाच राहिला.

नळ आला तेव्हा

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची भर पडली. मलबार हिलचा जलाशय गिरगावच्या बाजूला आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरचा जलाशय डोंगरी-माझगावच्या बाजूला पाणी देऊ लागला. नळ घरात आला आणि मशकीचं काम हळूहळू कमी झालं.

विहिरींवर दुसरा घाव मलेरियाने घातला. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला. घरगुती विहिरींत मलेरियाचा डास वाढतो, हे त्यातून पुढे आलं. त्यानंतर पालिकेने विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीम घेतली. धार्मिक कारणांसाठी विहिरीचं पाणी लागणाऱ्या पारशी आणि हिंदू कुटुंबांनी विरोधही केला. बऱ्याच विहिरी बुजल्या. ज्या उरल्या, त्यांतल्या काही पुढे टँकरच्या धंद्याचा आधार झाल्या.

आज सात तलाव मिळून मुंबईला दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी देतात. तरीही उंच इमारतींची, बांधकामांची आणि हॉटेलांची गरज पुरी होत नाही. त्या फटीतच आजचा खाजगी पाणी व्यवसाय उभा आहे.

मोठे झालेले तीन व्यवसाय

पाण्यातून मोठं नाव उभं करणारी तीन उदाहरणं मुंबईतलीच आहेत.

पहिलं ड्यूक्स. दिनशॉजी पांडोळे या पारशी क्रिकेटपटूने १८८९ मध्ये खेतवाडीत, म्हणजे गिरगावला लागूनच, सोडावॉटरचा कारखाना काढला. क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून त्याने नाव घेतलं असं सांगतात. सोडा, रासबेरी, मँगोला घराघरांत पोहोचलं. शंभर वर्षांहून जास्त काळ कुटुंबाने व्यवसाय चालवला आणि १९९४ मध्ये तो पेप्सीला विकला. ज्या काळात पाण्यातून कॉलरा पसरायचा, त्या काळात बंद बाटलीतला सोडा म्हणजे लोकांना सुरक्षित पेय वाटायचं. लोक चवीसोबत स्वच्छतेचेही पैसे देत होते.

दुसरं बिसलेरी. इटलीच्या या नावाने १९६५ मध्ये मुंबईत बाटलीबंद पाणी आलं. ते काचेच्या बाटलीत असायचं आणि मोठ्या हॉटेलांपुरतंच होतं. पाणी विकत घ्यायचं ही गोष्टच सर्वसामान्य माणसाला पटत नव्हती. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान कुटुंबाने हा व्यवसाय सुमारे चार लाख रुपयांना घेतला. रमेश चौहान यांनी १९९३ मध्ये थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले, पण बिसलेरी ठेवलं. पुढची वाढ प्लास्टिकच्या बाटलीने आणि गल्लीबोळापर्यंत पोहोचणाऱ्या गाड्यांनी झाली. २०२२ च्या अखेरीस टाटांशी विक्रीची बोलणी सुरू झाली, मार्च २०२३ मध्ये ती थांबली आणि मुलगी जयंती चौहान यांनी सूत्रं सांभाळली. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न एवढ्या मोठ्या घरालाही सुटला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तिसरं उदाहरण आयन एक्स्चेंज. महालक्ष्मीला डॉ. ई. मोझेस रोडवर या कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या अगदी शेजारी. १९६४ मध्ये इंग्लंडच्या परम्युटिट कंपनीची शाखा म्हणून ती सुरू झाली आणि १९८५ मध्ये परदेशी भागीदार बाहेर पडल्यावर पूर्ण भारतीय झाली. ही कंपनी पाणी विकत नाही, पाण्यावर प्रक्रिया करते. जड पाणी बॉयलरमध्ये गेलं की आत क्षाराचा थर बसतो, इंधन जास्त जळतं, नळ्या फुटतात. पाणी रेझिनच्या बारीक दाण्यांमधून सोडलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्यांना चिकटतं, बदल्यात सोडियम पाण्यात येतं आणि पाणी मऊ होतं. याच ज्ञानातून पुढे घरगुती वापराचं 'झिरो-बी' आलं.

तिघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. कोणाचीही कमाई फक्त पाण्यावर नव्हती. ड्यूक्सने स्वच्छता विकली, बिसलेरीने पोहोच विकली, आयन एक्स्चेंजने ज्ञान विकलं. छोट्या व्यवसायालाही पहिल्याच दिवशी हेच ठरवावं लागतं: आपण नेमकं काय विकणार?

पहिली वाट: टँकर

साधारण दहा हजार लिटरचा टँकर, एक ड्रायव्हर, एक क्लीनर आणि पाण्याची जागा. बाहेरून धंदा इतका सोपा दिसतो. खरी अडचण पाण्याच्या जागेची.

पाणी दोन ठिकाणांहून मिळतं: पालिकेच्या भरणा केंद्रातून किंवा खाजगी विहीर-बोअरवेलमधून. खाजगी विहिरीचं पाणी बांधकाम, बाग, फ्लश, धुलाई यांसाठी असतं. तपासणी आणि शुद्धीकरण केल्याशिवाय ते पिण्याचं म्हणून देणं हा गुन्हा आहे आणि गुनाहही.

भूजल उपशाची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. टँकरसाठी पाणी उपसणाऱ्याला ना-हरकत परवानगी, डिजिटल मीटर आणि टँकरवर जीपीएस लागतं. विहिरीभोवती २०० चौरस मीटर जागेच्या अटीवर मुंबईतल्या टँकरवाल्यांचा मोठा आक्षेप आहे, कारण गिरगाव-काळबादेवीसारख्या दाट वस्तीत एवढी मोकळी जागा आणायची कुठून? आक्षेप समजण्यासारखा आहे. पण अट बदलेपर्यंत धंदा तिच्याच सावलीत चालणार, हे धरूनच पैसे गुंतवावेत.

कागद नसला की काय होतं? काळबादेवीतल्या एका इमारतीच्या विहिरींतून वर्षानुवर्षं बेकायदा उपसा करून सुमारे ७३ कोटी रुपयांचं पाणी विकल्याचा गुन्हा २०१९ मध्ये दाखल झाला. जागेच्या मालकांसोबत टँकरवाल्यांचीही नावं त्यात आली. म्हणजे विहीर दुसऱ्याची असली तरी जबाबदारी पाणी उचलणाऱ्यावरही येते. विहीर मालकाची परवानगी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, झेरॉक्स फाइलमध्ये ठेवा आणि भाडेकरार लेखी करा. विहीर मशीद, दर्गा किंवा ट्रस्टच्या जागेत असेल तर एका विश्वस्ताच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका. ठराव, करार आणि पैशाची पावती, तिन्ही हवेत. ती समाजाची अमानत आहे.

दुसरी वाट: जार आणि बाटली

वीस लिटरच्या जारचा धंदा आज प्रत्येक गल्लीत आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. सीलबंद पॅकेज्ड पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १४५४३ आहे आणि एफएसएसएआयचं लायसन्स लागतं. बीआयएसचं प्रमाणपत्र आधी सक्तीचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती काढली आणि त्यानंतर लगेच पॅकेज्ड पाणी 'जास्त जोखमीच्या' खाद्यपदार्थांत टाकलं गेलं. त्यामुळे तपासणी आणि ऑडिट कडक झालं. नियम असे बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या आठवड्यातला नियम पाहून घ्या.

लग्नात आणि दुकानात दिसणारा, झाकण लावलेला पण सील नसलेला थंड जार हे पॅकेज्ड पाणी नव्हे. तो त्या नावाने विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं.

कारखान्याला जागा, सांडपाण्याची सोय, लॅब आणि शिकलेला केमिस्ट लागतो. लालबाग-दादरच्या भाड्यात हे परवडणं कठीण. म्हणून इथल्या तरुणासाठी चांगला मार्ग म्हणजे शहराबाहेरच्या लायसन्सधारक कारखान्याचं वितरण घेणं. वितरकालाही उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची नोंदणी किंवा लायसन्स घ्यावं लागतं.

जारचा हिशेब बऱ्याच जणांचा सुरुवातीलाच चुकतो. समजा रोज शंभर जार जातात. शंभर गिऱ्हाइकाकडे, शंभर गाडीत किंवा धुण्यात, शिवाय हरवलेले आणि फुटलेले. म्हणजे शंभरच्या धंद्याला निदान सव्वादोनशे-अडीचशे जार विकत घ्यावे लागतात. डिपॉझिट न घेता जार सोडला तर तो परत येईलच असं नाही.

तिसरी वाट: सेवा

या वाटेला भांडवल कमी आणि कौशल्य जास्त लागतं. सोसायटीच्या टाक्यांची सफाई, पंप आणि पाइपलाइनची देखभाल, आरओ दुरुस्ती, सॉफ्टनर बसवणं, पावसाचं पाणी साठवण्याची योजना, सांडपाणी प्रक्रिया संयंत्र चालवणं, ही सगळी कामं यात येतात. परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या आणि टॉवर आले. प्रत्येक टॉवरच्या तळघरात पंप आणि प्रक्रिया संयंत्र आहे आणि ते नीट चालवणाऱ्या माणसाला मागणी आहे. पालिकेचा प्लंबर परवाना घेतलेल्या मुलाला सोसायटीचं काम अधिकृतपणे मिळतं. आयटीआयचा प्लंबरचा कोर्स ही त्याची चांगली पहिली पायरी आहे.

इथे सचोटीची परीक्षा रोज होते. मुंबईच्या तलावांचं नळाचं पाणी मुळातच मऊ आहे. त्याचा टीडीएस साधारण शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. म्हणजे फक्त पालिकेचा नळ असलेल्या घराला बहुतेक वेळा आरओची गरज नसते. टाकी साफ आणि गाळणी-यूव्ही किंवा उकळणं पुरतं. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगा.

काही विक्रेते पाण्यात दोन लोखंडी कांड्या घालून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालं की 'बघा किती घाण' म्हणतात. तो रंग त्या कांड्यांच्या लोखंडाचा असतो. असा खेळ करून विकलेलं मशीन एकदाच विकलं जातं. 'तुम्हाला याची गरज नाही' असं सांगणाऱ्याला मात्र सगळी इमारत बोलावते.

खेपेचा हिशेब

आपल्याकडे गल्ल्यात किती जमले ते बघतात आणि त्यालाच नफा समजतात. एक साधं उदाहरण घेऊ. समजा टँकरचा हप्ता, विमा, पगार आणि पार्किंग मिळून महिन्याचा ठरलेला खर्च ९०,००० रुपये आहे. १५० खेपा झाल्या तर एका खेपेवर ६०० रुपये पडतात. ट्रॅफिक, नाकाबंदी किंवा भरण्याच्या रांगेमुळे खेपा १०० वर आल्या तर तोच खर्च ९०० होतो. डिझेल आणि पाण्याचे पैसे त्यावर वेगळे. म्हणून भाव ठरवताना चांगला महिना धरू नका, वाईट महिना धरा. उधारीची मुदत लेखी ठेवा. बिल्डर आणि केटररकडे तीन-तीन महिने पैसे अडकल्यावर टँकरचा हप्ता थांबत नाही.

हप्त्यावर गाडी घेताना व्याजाचा प्रश्न असलेली कुटुंबं भागीदारीतून भांडवल उभं करतात. ते करताना नफा-तोटा किती टक्के, काम कोणाचं आणि बाहेर पडायचं तर कसं, हे स्टॅम्प पेपरवर लिहून नोंदवा. भावाभावांतही लिहा. लिहिल्याने नातं तुटत नाही.

माणसांचा जीव

९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची जमिनीखालची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. बंद टाकीत विषारी वायू साचतो किंवा ऑक्सिजनच नसतो. पहिला कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. टाकी धुण्याचा ठेका घेणाऱ्याने काही नियम कधीच मोडू नयेत. झाकणं आधी उघडून पंख्याने हवा खेळवा. वायू मोजण्याचं यंत्र लावल्याशिवाय कोणालाही उतरवू नका. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोरी हवी आणि वर किमान दोन माणसं. कोणी पडला तर श्वसनाचं साधन नसताना मागे उडी मारू नका. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. याचा खर्च दरात धरा. जो गिऱ्हाईक त्यासाठी पैसे देत नाही, त्याचं काम सोडा.

गिरगावच्या लिफ्ट नसलेल्या चाळीत चौथ्या मजल्यावर वीस किलोचा जार वाहणारा पोरगाही आपलाच माणूस आहे. मजल्याप्रमाणे दर, आठवड्याची सुट्टी, विमा आणि वेळेवर पगार एवढं असलं तर माणसं टिकतात. माणूस टिकला की गिऱ्हाईक टिकतं, कारण गिऱ्हाईक मालकाला नाही, दारात येणाऱ्याला ओळखतं.

पुढच्या पिढीच्या हाती

वडील गेल्यावर लायसन्स कोणाच्या नावावर, विहिरीचा करार कोणाशी, उधारी कोणाकडे, हे घरात कोणालाच माहीत नसतं. मग तीन भावांत तीन टँकर होतात आणि धंदा संपतो. हयातीतच कागद एका फाइलमध्ये आणा. मुलीला आणि सुनेला हिशेबात बसवा. पुष्कळ घरांत चोख वही त्याच ठेवतात. विरासतीचे हक्क ज्याचे त्याला द्या, पण धंदा कोण चालवणार हे वेगळं ठरवा.

भिश्तीच्या काळी कागद नव्हता, शब्द होता, आणि तो पुरायचा, कारण गल्ली त्याला ओळखायची. आजच्या शहरात गिऱ्हाईक आपल्याला ओळखत नाही. विहिरीची परवानगी, पाण्याचा तपासणी अहवाल, करार आणि पावती हीच आता आपली ओळख आहे. जे घर हे आज नीट करेल, त्याचा टँकर पुढच्या नोटिशीलाही थांबणार नाही.